आधी भिंतीवरचा बोर्ड, मग मदरबोर्ड

दिल्लीत स्वतः जोडलेला पीसी म्हणजे बहुतेक वेळा नेहरू प्लेसची खरेदी. एका दुकानातून प्रोसेसर आणि मदरबोर्ड, दुसऱ्यातून ग्राफिक्स कार्ड, तिसऱ्यातून उरलेल्या पैशांत बसेल तो एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय), आणि मग खोकी सांभाळत व्हायोलेट लाइनच्या मेट्रोने घरी. नोकरीसाठी नोएडा-गुरुग्रामला आलेली किंवा करोल बागेत भाड्याच्या खोलीत राहणारी मराठी मुलं असाच पीसी जोडतात. हिवाळ्यात तो छान चालतो. मे महिना लागतो आणि एक दिवस गेम रंगात आलेला असताना पडदा काळा होतो. सूचना नाही, एरर नाही, पंखेही थांबलेले.

मग सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी रॅम बदलायला सांगतो, कोणी विंडोज पुन्हा टाकायला, कोणी थेट नवा एसएमपीएस घ्यायला. यातला एखादा सल्ला बरोबरही असेल, पण शोधाला क्रम नसेल तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. दिल्ली-एनसीआरमध्ये हा क्रम बाहेरून आत असा असावा: आधी भिंतीतली वीज, मग उष्णता आणि धूळ, मग एसएमपीएस, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड. याला दोन कारणं आहेत. इथली हवा आणि वीज या दोन्ही गोष्टी पीसीची कसोटी पाहतात. आणि बाहेरच्या तपासण्या जवळजवळ फुकट होतात.

कसा बंद पडतो, ते आधी पाहा

‘बंद पडतो’ या एका तक्रारीत चार वेगळे आजार असतात.

खटकन बंद होतो आणि बटण दाबूनही सुरू होत नाही. मागचा स्विच अर्धा मिनिट बंद करून पुन्हा लावला की मगच उठतो. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षण यंत्रणेनं वीज तोडल्याचं हे लक्षण आहे. जास्त प्रवाह, शॉर्ट किंवा एसएमपीएस फार तापणं, यांपैकी काहीतरी झालेलं असतं.

बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. इथे वीजपुरवठा क्षणभर तुटलेला असू शकतो, किंवा निळा पडदा येऊन विंडोजनं तुम्ही पाहायच्या आत मशीन रीस्टार्ट केलेलं असतं.

चित्र गोठतं, आवाज अडकतो किंवा निळा पडदा येतो. हा मामला बहुधा रॅम, ड्रायव्हर, डिस्क किंवा ओव्हरक्लॉकिंगचा.

‘शटिंग डाउन’ असं दाखवून रीतसर बंद होतो. त्यामागे विंडोज अपडेट, यूपीएसचं सॉफ्टवेअर किंवा पॉवर बटण असतं. सुटे भाग निर्दोष असतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक कळावा म्हणून विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खाली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. मग निळा पडदा आला तर तो समोर थांबून राहील आणि त्यावरचा कोड टिपून घेता येईल.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेकजण एसएमपीएस गेला असं ठरवून टाकतात. ही नोंद फक्त एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे वीज किंवा हार्डवेअरकडे पाहायचं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर निळा पडदा आला होता. ‘१०७४’ क्रमांकाची नोंद कोणत्या प्रोग्रॅमनं शटडाउन मागितलं ते सांगते. ‘व्हीया-लॉगर’च्या नावानं नोंदी असतील, तर हार्डवेअरमधली चूक खुद्द प्रोसेसरनं कळवलेली असते.

याच्या जोडीला एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, काय चालू होतं, एसी चालू होता का, त्या क्षणी दिवा मंद झाला का, एवढंच लिहा. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांत काहीतरी सूत्र दिसू लागतं. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बंद पडणारा पीसी आणि फक्त गेम सुरू केल्यावर बंद पडणारा पीसी यांचे रस्ते इथेच वेगळे होतात.

भिंतीपासून सुरुवात

१९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. त्याच्या आठवडाभर आधी, ११ जूनला मंडोला इथल्या उपकेंद्रात आग लागून दिल्लीच्या बऱ्याच भागांत वीज गेली होती. अशा दिवसांत वस्तीतला ट्रान्सफॉर्मर किती ताणात असतो हे वेगळं सांगायला नको. दिवसभर पूर्ण वीज गेली तर ती निदान कळते. पीसीला बुचकळ्यात टाकतात ते डोळ्यांची पापणी लवायच्या आतले झटके.

एसएमपीएसमध्ये बाहेरची वीज तुटल्यावर काही क्षण तग धरण्याइतका साठा असतो. एटीएक्स मानकाप्रमाणे हा वेळ साधारण १६ ते १७ मिलिसेकंदांचा, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये त्याहून कमी. आता घरातल्या इन्व्हर्टरकडे पाहा. बहुतेक इन्व्हर्टरवर दोन पर्यायांचा एक छोटा स्विच असतो. ‘यूपीएस’ मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. साध्या किंवा ‘इको’ मोडमध्ये हाच वेळ ४० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. पंख्याला आणि दिव्याला हा फरक कळत नाही, पीसीला कळतो. वीज गेली की पंखा फिरत राहतो पण पीसी बंद पडतो, अशी तक्रार असेल तर आधी तो स्विच पाहा. भाड्याच्या घरात तो बहुधा घरमालकानं ठेवलेल्याच मोडवर असतो.

एनसीआरमधल्या मोठ्या सोसायट्यांत वेगळीच गंमत असते. तिथे वीज गेली की डीजी, म्हणजे जनरेटर सुरू होतो. पण तो भार घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि मूळ वीज परत आली की पुन्हा एक खंड पडतो. एका वीजकपातीत पीसीला असे दोन धक्के बसतात. शिवाय अनेक सोसायट्यांतले प्रीपेड मीटर डीजीवर असताना फ्लॅटला ठरावीक भारच देतात. एसी आणि गीझर एकदम लागले की मीटर वीज तोडतो, थोड्या वेळानं पुन्हा जोडतो. पीसी बंद पडला तेव्हा मीटरच्या पडद्यावर डीजी दिसत होतं का, हेही वहीत लिहा.

यावर उपाय यूपीएस, पण तो नीट मापाचा हवा. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट भार उचलतो. ऑफिसच्या कामाला तो पुरतो, पण मोठं ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात असताना वीज गेली तर यूपीएस स्वतःच अतिभारानं हात टेकतो. तो पुरतो की नाही हे आपल्या सोयीच्या वेळी तपासा: सगळं काम सेव्ह करा, गेम चालू ठेवा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका. यूपीएसमधली लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि दिल्लीच्या उकाड्यात त्याहून लवकर. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर यूपीएस जोडला असेल, तर यूपीएसला ती वीज पसंत पडत नाही. तो सतत बॅटरीवर जात राहतो आणि बॅटरी संपली की सगळंच बंद. आजच्या बऱ्याच एसएमपीएसना ‘प्युअर साइन वेव्ह’ वीज देणारा यूपीएसच मानवतो.

आता खुद्द सॉकेट. पिन हलवल्यावर सैल वाटते का, प्लग गरम होतो का, काळा डाग पडला आहे का, ते पाहा. परदेशी पद्धतीची पिन असलेली वायर आणि तिच्यावर चढवलेला स्वस्त कन्व्हर्टर ही जोडी पुष्कळ त्रास देते. आपल्या तीन पिनांची, कंपनीची वायर लावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पीसी, हीटर आणि इस्त्री नको. खोलीतल्या दुसऱ्या सॉकेटवर, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत, आठवडाभर पीसी चालवून पाहा. मित्राच्या घरी तो न अडता चालला, तर अर्धा शोध तिथेच संपतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं धरून चाला. गल्लीतला इलेक्ट्रिशियन मल्टीमीटर लावून ‘अर्थ नहीं आ रहा’ असं लगेच सांगेल. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास आकडा यावा, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी थोडा. एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा: एसी लागल्यावर एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रल सैल असू शकतो. अशा वेळी व्होल्टेज खूप वर जाऊन घरातली उपकरणं जळतात. मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. स्टॅबिलायझर हा यावरचा इलाज नव्हे. एरवीच्या चढउतारांसाठीही तो लागत नाही; चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत स्वतःच सांभाळून घेतो.

जानेवारीतला पीसी मे महिन्यात

२९ मे २०२४ रोजी सफदरजंगला ४६.८ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दिवशी एसी नसलेल्या वरच्या मजल्यावरची खोली चाळिशीत असते. पीसीच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच जास्त तापतो. जानेवारीत जोडून तपासलेला पीसी ७० अंशांवर खूश होता, म्हणजे मे महिन्यात तो ९० अंशांवर असणार.

तापमान पाहायला एचडब्ल्यू-इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आकडे फाइलमध्ये साठवण्याची त्याची सोय चालू ठेवा, म्हणजे बंद पडण्याच्या आधीचा शेवटचा आकडा हाती राहतो. आकडा वाचताना मात्र घाई नको. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जायला बनवलेले आहेत, आणि इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. आजचा प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो. एकदम बंद पडणं ही त्याची अगदी शेवटची पायरी. म्हणून केवळ उष्णतेनं पीसी बंद पडत असेल, तर कूलर बसवण्यातच काहीतरी मोठी चूक असते. भार दिल्याबरोबर काही सेकंदांत तापमान शंभरीला टेकलं, तर कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिली आहे का, एखादा स्क्रू सैल आहे का, लिक्विड कूलरचा पंप फिरतो आहे का, हे पाहा. पंपाचा वेग बायोसमध्ये दिसतो.

धुळीचं गणित इथे महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे. मे-जूनमधल्या आंधीनंतर एका संध्याकाळीत जाळी बुजते. नोएडा एक्स्टेन्शनसारख्या जिथे सतत बांधकाम चालू असतं अशा भागांत ती वर्षभर बुजत असते. सगळ्यात दुर्लक्षित जाळी म्हणजे कॅबिनेटच्या तळाची, एसएमपीएसखालची. ती पंधरा दिवसांतून एकदा काढून झटका. आतली धूळ ब्लोअरनं काढताना वायर भिंतीतून काढलेली असू द्या आणि पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं ती भलत्या वेगानं फिरली तर पंखा बिघडतो. कॅबिनेट गालिच्यावर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर तर मुळीच नको. त्याच्या ओल्या हवेबरोबर पाण्यातले क्षार येतात, ते धुळीत मिसळून बोर्डावर चिकट थर बसतो.

एसएमपीएसची परीक्षा

पीसीच्या खर्चात कात्री लागते ती इथे. खोक्यावर ६५० वॉट छापलेलं असतं, पण ते किती तापमानाला आणि किती वेळ, हे स्वस्त मालावर लिहिलेलं नसतं. ‘८० प्लस’ची खूण विजेची बचत सांगते, संरक्षण यंत्रणा चांगली आहे याची हमी ती देत नाही.

शिवाय ग्राफिक्स कार्ड सरासरीनं वीज घेत नाही. ३२० वॉटचं आरटीएक्स ३०८० काही क्षणांसाठी त्याच्या कितीतरी वर उसळी घेतं. २०२० साली ही कार्डं आल्यावर कागदावर पुरेसे वाटणारे एसएमपीएस याच उसळीनं बंद पडू लागले. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट घातली गेली. एनव्हिडिया ३०८० साठी ७५० वॉट सुचवते, आणि ११५ वॉटच्या आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॉट.

घरच्या घरी परीक्षा तीन टप्प्यांत करा. आधी सिनेबेंच किंवा ओसीसीटीनं फक्त प्रोसेसरवर भार द्या. मग फरमार्कनं फक्त ग्राफिक्स कार्डवर. मग दोन्हींवर एकदम. वेगवेगळे पास होतात आणि एकत्र दिल्यावर मशीन बंद पडतं, तर एसएमपीएसवरचा संशय पक्का होत जातो. पुढची पायरी फुकटची आणि फार उपयोगी: एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं, तर दोष एसएमपीएसमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे हे जवळजवळ ठरलं.

सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. मल्टीमीटर लाजपतराय मार्केटमध्ये स्वस्तात मिळतो. चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या तारेत, भार असताना, ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. तारेचा तुकडा घालून एसएमपीएस नुसता चालू करून पाहिल्यानं तो जिवंत आहे एवढंच कळतं, भार पेलतो का ते कळत नाही. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपास भार उरलेला असू शकतो.

झाकण उघडल्यावर

आत पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. २४ पिनांचा मुख्य कनेक्टर आणि प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर काढून, खट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील, तर एकाच केबलची दोन तोंडं वापरण्याऐवजी दोन स्वतंत्र केबल लावा. नव्या कार्डांचा १६ पिनांचा कनेक्टर फट न राहता पूर्ण आत जायला हवा आणि त्याची केबल तोंडापाशीच वाकवू नका. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याचे प्रकार अर्धवट बसवल्यानंही घडले होते. मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीच लावू नका. तोंडं सारखी दिसतात, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो, आणि एका क्षणात डिस्क किंवा कार्ड जळतं.

पीसी सुरू होऊन चार-पाच सेकंदांतच बंद होत असेल, तर समोरचं पॉवर बटण अडकलेलं असू शकतं. त्याची वायर मदरबोर्डवरून काढा, दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा आणि तसंच चालू द्या. मदरबोर्डखाली एखादा जादा पितळी स्टँडऑफ राहिला असेल, तर तोही शॉर्ट करतो. शंका आल्यास बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवा.

रॅमसाठी आधी बायोसमधला एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवण्याचा पर्याय, बंद करा, मग रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. एकही चूक आली तरी ती खरी धरा. एकेक पट्टी लावून कोणती दोषी ते शोधा. ओव्हरक्लॉकिंग केलं असेल तर सगळं मूळ स्थितीत आणा.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर असेल, तर बायोस अपडेट टाळू नका. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होतात हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडच्या सुधारणा दिल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढचं नुकसान थांबवते. झालेलं नुकसान भरून येत नाही, त्यासाठी प्रोसेसर बदलून घ्यावा लागतो. बायोस अपडेट मात्र वीज जाण्याची शक्यता नसलेल्या वेळी, यूपीएसवरच करा.

नेहरू प्लेसला जाण्याआधी

एका वेळी एकच गोष्ट बदला. रविवारी रॅम, केबल आणि सॉकेट तिन्ही बदलून पीसी बरा झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि तो परत येतो तेव्हा शोध पहिल्यापासून सुरू होतो.

नवा एसएमपीएस घेण्याआधी मित्राचा तेवढ्याच ताकदीचा एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलींसह एक-दोन दिवस मागून घ्या. दुकानात जाताना वही, तापमानाची फाइल, निळ्या पडद्याचा फोटो आणि जीएसटी बिल बरोबर ठेवा. बिलावर भागाचा सीरियल नंबर लिहिलेला आहे ना, हे खरं तर खरेदीच्या दिवशीच पाहायचं. हमीचं काम बहुतेक वेळा दुकानदाराऐवजी कंपनीचं सेवा केंद्र करतं, आणि त्यांतली बरीचशी नेहरू प्लेसच्याच परिसरात आहेत. ‘कधीकधी बंद पडतो’ एवढंच सांगितलंत तर तिथला माणूस अर्धा तास मशीन चालवून ‘सब ठीक है’ म्हणेल. ‘फरमार्क आणि ओसीसीटी एकत्र लावल्यावर दहा मिनिटांत बंद पडतो, पॉवर लिमिट ७० टक्के केल्यावर पडत नाही’ असं सांगितलंत तर त्याला तेच करून पाहावं लागतं.

हमी नाकारली गेली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. नोएडात किंवा गुरुग्रामला राहून दिल्लीत खरेदी करणाऱ्याला यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही.

दुरुस्ती झाल्यावर तिचीही परीक्षा घ्या. ज्या चाचणीत पीसी बंद पडत होता तीच चाचणी, तेवढाच वेळ, दुपारच्या उकाड्यात पुन्हा लावा. रोज बंद पडणारा पीसी आठवडाभर न अडता चालला तर काम झालं समजा. पंधरवड्यातून एकदा पडणाऱ्याला दोन महिने द्या. आणि नोव्हेंबरमध्ये बरा झालेला पीसी मे महिन्यात पुन्हा तपासायला विसरू नका.